क्षमा नेहमी धाकट्यांनीच का करायची?

ख्रिस्ती प्रेम म्हटलं की आमच्याकडे पहिला शब्द येतो तो क्षमा. सासू टाकून बोलते, सुनेनं क्षमा करावी. थोरल्यानं जमीन परस्पर विकली, धाकट्यानं प्रार्थना करावी. नवरा हात उगारतो, बायकोनं आपला क्रूस वाहावा. वसईत वाढताना हा सल्ला मी इतक्यांदा ऐकलाय की त्याची दिशा आता पाठ झाली आहे. तो कायम वरून खाली येतो. सासूला, थोरल्याला, नवऱ्याला समोर बसवून कुणी दोन शब्द सुनावत नाही.

याला प्रेम म्हणायला माझी तयारी नाही. घरातला आवाज बाहेर जाऊ नये, एवढीच ती सोय आहे. आणि तिला शुभवर्तमानाचा आधारही नाही.

सत्तर गुणिले सात वेळा क्षमा करायची, हे सगळ्यांना ठाऊक असतं. ते मत्तयच्या अठराव्या अध्यायात येतं. पण त्याच अध्यायात, त्याच्या आधी, येशूनं एक रीत घालून दिली आहे. अपराध करणाऱ्याला एकट्यानं गाठून त्याची चूक दाखवायची. ऐकलं नाही तर एकदोघांना सोबत न्यायचं. तरीही नाही, तर मंडळीपुढे मांडायचं. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला एस्कलेशन म्हणतो. प्रवचनात मात्र या ओळी गाळून थेट सत्तर गुणिले सातवर उडी मारली जाते.

अध्यायाच्या शेवटचा दाखलाही नीट वाचावा. त्यात कर्ज माफ करतो तो राजा. माफी मिळालेला चाकर सोबतच्या चाकराचा गळा धरतो, तेव्हा राजा त्याला सोडत नाही. तिथं गळा धरला गेलेल्या माणसाला सहनशीलतेचा उपदेश कुणीही करत नाही.

डोंगरावरच्या प्रवचनात तर वेदीपाशी अर्पण सोडून आधी समेटाला जायला सांगितलं आहे. कुणाला? ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला. आपण मिस्सेत शांतीचं चिन्ह म्हणून डावी-उजवीकडे हात जोडतो. जिचं मन दुखावलं ती बहुधा घरी स्वयंपाक करत असते.

'भांडणानं नाती तुटतात,' असं यावर हमखास ऐकवलं जातं. पंडिता रमाबाईंकडे पाहा. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर तिथल्या सिस्टर जेराल्डीनशी त्या धर्मसिद्धान्तांवरून आणि चर्चच्या अधिकारावरून पत्रांतून कडाडून भांडल्या. शरण जाणं म्हणजे नम्रता, हे त्यांनी मानलं नाही. तरी पत्रव्यवहार चालू राहिला, आणि लहानग्या मनोरमेला जेराल्डीननं सांभाळलंही. ती पत्रं एकत्र केली तीही जेराल्डीननंच. १९७७ साली ती पुस्तकरूपानं आली. इतकं स्पष्ट बोलणं पेलणाऱ्या नात्याला मी प्रेम म्हणेन.

क्षमेला माझा विरोध नाही. ती देणाऱ्याच्या मर्जीची असते, एवढंच माझं म्हणणं. तिऱ्हाइतानं ती दुसऱ्याच्या खिशातून काढून वाटू नये. तेव्हा पुढच्या वेळी एखाद्या सुनेला 'क्षमा कर' म्हणण्याआधी तिच्या सासूकडे जाऊन या. तिथं जायची हिंमत नसेल, तर सुनेलाही काही शिकवू नका.