कण्या, ताक आणि साखर

मधुमेह म्हणजे दोन दिवसांनी परत जाणारा पाहुणा नव्हे. तो कायमचा मुक्कामालाच येतो आणि रोजच्या जेवणात त्याच्याशी जमवून घ्यावं लागतं.

आमच्या बिलोलीकडे आजारी माणसाला जोंधळ्याच्या कण्या आणि ताक. पोटाला हलकं, जिवाला बरं! २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झाल्यापासून तर ज्वारीला औषधाचाच मान मिळालाय. "ज्वारीच आहे, खा पोटभर!" असं जो तो प्रेमानं सांगतो... इथंच माझं पटत नाही. शंभर ग्रॅम ज्वारीतही सुमारे ७० ग्रॅम कर्बोदकं असतात. तंतू भरपूर, हे खरं. पण कण्या जितक्या मऊ शिजवाल, तितकी साखर लवकर चढते.

मग कण्या सोडायच्या का? मुळीच नाही. वाटीभर घ्याव्यात, सोबत घट्ट वरण नि मेथीची भाजी असावी. आणि घरातल्या सगळ्यांनीच तेच खावं. पथ्याचं ताट वेगळं वाढलं, की माणूस पंगतीत बसूनही एकटा पडतो. साखर मोजायला यंत्र आहे, हे एकटेपण कशानं मोजणार? तुमच्या घरी काय करता, जरूर सांगा.