बाप्तिस्म्यानंतरची पाने

‘स्मृतिचित्रे’ (१९३४-३६) शिकवताना आपण बहुधा १९०० सालापाशी थांबतो. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा झाला, की परीक्षेपुरते पुस्तक संपते. जव्हारच्या वर्गात मीही वर्षानुवर्षे हेच केले. मोखाड्याच्या एका ख्रिस्ती विद्यार्थिनीने एकदा विचारले, “सर, पुढे त्या रोज काय करत होत्या?” प्रश्न साधाच, पण माझे शिकवणे उघडे पडले.

धर्मांतर हेच नाट्य मानले, तर जन्मानेच ख्रिस्ती असलेल्या तरुणीला आपल्या वाचनात जागा कुठली? वस्तुतः लक्ष्मीबाईंचे सोवळे बाप्तिस्म्याआधीच, हळूहळू सुटत गेले होते. नगरच्या ख्रिस्ती समाजातला संसार, दारी आलेल्या पोरांचा सांभाळ हा पुढचा भाग तर अधिक रसाळ. तोच आपण गाळतो.

ती मुलगी आता याच जिल्ह्यातल्या वसईत नोकरी करते. घरी फोनवर वारली, शेजारी कादोडी, लोकलमध्ये हिंदी, रविवारची मिस्सा मराठीत आणि नंतर गायनवृंदाचा सराव. (आपण मात्र वसईच्याच सिसिलिया कार्व्हालोंना ‘ख्रिस्ती साहित्य’ या कोपऱ्यात बसवून मोकळे!) यंदा मी वाचन १९०० पासून सुरू करणार आहे, अभ्यासमंडळ काय म्हणेल ते म्हणो.