तबकडीला हात लावू नका

चकचकीत शेंदरी नाहीतर गर्द निळी तबकडी, तिच्यावर ठसठशीत नवे आकडे आणि आत चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचं यंत्र. अशी जुनी एचएमटी, फेवर-ल्यूबा आणि सीको घड्याळं आपल्याकडून जगभर जातात. परदेशातले संग्राहक त्यांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात, आणि ते कौतुकाने नव्हे. मूळ तबकडी खरवडायची, नवा रंग चढवायचा, कंपनीचं नाव पुन्हा छापायचं, की झालं घड्याळ ‘रिस्टोअर’! याला दुरुस्ती म्हणणं हा खऱ्या कारागिरावर अन्याय आहे.

कारण खरं काम तबकडीच्या मागे चालतं. एचएमटीची ‘जनता’च घ्या. बंगळूरला १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने एचएमटीची घड्याळं बनू लागली. ‘जनता’ हे त्यांतलं रोज चावी द्यायचं, १७ ज्वेलचं साधं घड्याळ. त्याचं बॅलन्स चक्र तासाला १८,००० ठोके देतं, म्हणजे दिवसाला ४ लाख ३२ हजार. वर्षानुवर्षं सर्व्हिसिंग झालं नाही की तेल सुकून चिकट होतं आणि चाकं अडखळतात. कारागीर डोळ्याला भिंग लावून एकेक चाक उतरवतो, धुतो, ज्वेलची भोकं टोकदार काडीने साफ करतो, थकलेली मेन स्प्रिंग बदलतो आणि सुईच्या टोकावर राहील एवढंच तेल देतो. केसासारख्या हेअरस्प्रिंगला चुकून तेल लागलं, तर तिचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ भरधाव पुढे पळतं. इतकं करूनही बाहेरून काहीच बदललेलं दिसत नाही. म्हणून गिऱ्हाईक मजुरीला कुरकुरतं आणि रंगाला पैसे मोजतं.

खरवडलेली तबकडी मात्र परत येत नाही. ‘जनता’च्या कित्येक तबकड्यांवर देवनागरीत छापलेलं नाव आहे. ती अक्षरं गेली की घड्याळाचा जन्मदाखलाच गेला.

शिवाय यात कारागिराच्या जिवाचा प्रश्न आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या अनेक घड्याळांचे आकडे रेडियमच्या रंगाने उजळत. ती चमक केव्हाच विझली, पण रेडियम निम्मं व्हायलाच सुमारे १,६०० वर्षं लागतात. अशी तबकडी खरवडली, तर उडणारी पूड श्वासावाटे थेट शरीरात जाते.

जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. आता एका बंद घड्याळाचे भाग काढून दुसरं चालू करावं लागतं. त्यात गैर काहीच नाही. लपवणं गैर आहे. कोणता भाग बदलला, तबकडी मूळची की रंगवलेली, हे विक्रेत्याने पावतीवर लिहून द्यायला हवं. आणि वडिलांचं घड्याळ दुरुस्तीला टाकताना घरच्यांनी आधीच बजावावं, ‘यंत्र साफ करा, वाटल्यास काच बदला, तबकडी आहे तशी राहू द्या.’