मंडप आधी लोकांसाठी घाला

१४ एप्रिल ते वैशाख पौर्णिमा हे आपल्या वस्त्यांतले उत्साहाचे दिवस. उन्हाचा तडाखाही नेमका याच दिवसांत असतो. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानात भर उन्हात सरकारी पुरस्कार सोहळा झाला आणि उष्माघाताने १४ जणांचा बळी गेला. हे आपण विसरता कामा नये.

आमच्या पाहण्यात नेहमी येते, की मंडप पाहुण्यांच्या डोक्यावर असतो; आयाबाया, लेकरे मात्र उन्हात. मंडळाच्या कार्यकर्त्यांनो, मंडप आधी लोकांसाठी घाला. मिरवणूक ऊन उतरल्यावरच काढा. डीजेच्या खर्चातून थोडे वाचवा आणि चौकाचौकात पिण्याच्या पाण्याची सोय करा. पत्र्याच्या खोल्या दुपारी भट्टीसारख्या तापतात. तेव्हा बुद्धविहार दुपारी बंद न ठेवता म्हाताऱ्या माणसांसाठी, बाळंतिणींसाठी उघडे ठेवा.

जुलाब, उलट्या सुरू झाल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून थोडे थोडे पाजा.

अंग तापून माणूस बरळू लागला किंवा बेशुद्ध पडला, तर कांदा हुंगवत बसू नका. लगेच १०८ ला फोन करा. त्याला सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

बाबासाहेबांची जयंती जरूर थाटात करू. पण मिरवणुकीला आलेला प्रत्येक माणूस धडधाकट घरी परतला पाहिजे, ही जबाबदारीही आपलीच आहे.