जुन्या हायब्रिडचे दात कोणी मोजायचे?

सांगली जिल्ह्यातील खरसुंडीच्या बाजारात खिलार बैल घेणारा शेतकरी विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबत नाही. तो बैलाचे तोंड उघडून दात पाहतो, त्याला चालवून पाहतो आणि मगच दराची गोष्ट काढतो. वयाचा पुरावा जनावराच्याच तोंडात असल्याने तेथे लबाडीला मर्यादा पडते. जुन्या मोटारींच्या बाजारात असा पुरावा हाती लागत नाही. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली याच बाजाराचे उदाहरण घेऊन एक निबंध लिहिला आणि पुढे २००१ साली ते अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले. मालाची खरी अवस्था केवळ विकणाऱ्यास ठाऊक असली, की गिऱ्हाईक धास्तीपोटी बेताचाच भाव देऊ करते. त्या भावात चांगल्या गाडीचा धनी विकावयास राजी होत नाही आणि बाजारात उरतो तो बहुतांशी गाळ, हे त्यांचे प्रतिपादन.

हायब्रिड मोटारींनी हे अज्ञान अधिकच गडद केले आहे. पहिला घोटाळा नावापासूनच आहे. एका प्रकारात लहानशी विद्युत मोटर इंजिनाला केवळ हातभार लावते. दुसऱ्यात मोठ्या बॅटरीच्या बळावर गाडी काही अंतर इंजिनाविनाही चालते. पहिल्यात इंधनाची बचत किरकोळ, दुसऱ्यात भरीव. २०२२ साली आलेल्या मारुती ग्रँड व्हिटारा आणि टोयोटा हायरायडर या गाड्या दोन्ही प्रकारांत विकल्या गेल्या. परंतु जुन्या बाजारात ‘हायब्रिड आहे, साहेब’ एवढे एकच वाक्य दोहोंसाठी पुरते.

प्रस्तुत लेखकाचे घर साताऱ्यास आणि नोकरी सांगलीस. आठवड्यास जाऊन-येऊन सुमारे २४० किलोमीटर, म्हणजे वर्षाकाठी १२,००० किलोमीटर प्रवास होतो. कुटुंबासाठी म्हणून तीन वर्षे वापरलेली, दुसऱ्या प्रकारची हायब्रिड एसयूव्ही घेतली. तिचे नाव येथे महत्त्वाचे नाही. अनुभव एकंदरीत समाधानाचा आहे. साताऱ्याच्या चढउताराच्या, गर्दीच्या रस्त्यांवर ती पेट्रोल फार जपून वापरते. खंबाटकीचा घाट उतरताना ब्रेकमध्ये वाया जाणारी शक्ती बॅटरीत साठवते. मात्र महामार्गावर एकसारख्या वेगाने जाताना हा लाभ बराच आटतो. विक्रेत्याने सांगितलेला आकडा शहराचा होता. आमचा बहुतेक प्रवास महामार्गाचा.

आता हिशेब पाहू. त्याच आकाराची साधी पेट्रोल गाडी लिटरला १५ किलोमीटर जाते आणि आमची २१, असे धरले तर वर्षाला सुमारे २२९ लिटर पेट्रोल वाचते. लिटरला १०० रुपये धरल्यास ही बचत २३,००० रुपयांच्या आसपास येते. साध्या गाडीहून आम्ही एक लाख रुपये अधिक मोजले. ते वसूल व्हावयास सव्वाचार वर्षांहून थोडा अधिक काळ लागेल. प्रमुख उत्पादक या बॅटरीला आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल, तेवढी हमी देतात. त्यांतली तीन वर्षे पहिल्या मालकाकडे सरली. म्हणजे बॅटरी धड राहिली तर हिशेब जेमतेम जुळतो. हमी संपण्याआधीच ती नाकारली गेली, तर सारी बचत एका फटक्यात बुडते.

सहाव्या महिन्यात पेठ नाक्याजवळ फलकावर इशाऱ्याचा दिवा लागला. तेथील जाणत्या मिस्त्रींनी झाकण उघडले, नारिंगी रंगाच्या उच्चदाबाच्या तारा पाहिल्या आणि प्रामाणिकपणे हात आखडता घेतला. पुढे अधिकृत कार्यशाळेत उलगडा झाला. बॅटरी थंड ठेवणारी हवा ज्या जाळीतून आत जाते, ती धुळीने गच्च भरली होती. खर्च किरकोळ आला. पण ती जाळी याआधी कधी साफ झाली होती, बॅटरी किती काळ तापत राहिली होती, हे सांगणारा एकही कागद आमच्यापाशी नव्हता. दोन रात्री झोप लागली नाही ती त्या कागदाच्या अभावी.

सांगलीकरांस या गोष्टीचे मोल निराळे सांगावयास नको. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात येथील दारोदारच्या गाड्या पाण्यात उभ्या होत्या. पुरात भिजलेली गाडी धुऊन-पुसून दुसऱ्या जिल्ह्यात नवीच दिसते. विजेच्या जोडण्यांत शिरलेला ओलावा मात्र डोळ्यांना दिसत नाही.

अशा वेळी ‘ग्राहकाने सावध असावे’ हा उपदेश अपुरा ठरतो. जे दिसतच नाही, त्याविषयी सावध कसे राहावयाचे? शासन या व्यापारापासून अलिप्त आहे असेही नाही. नोंदणीकृत व्यापाऱ्याच्या खरेदी-विक्रीतील फरकावर १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने जुन्या वाहनांच्या व्यापाऱ्यांसाठी नियम केले. गाडी व्यापाऱ्याच्या ताब्यात असताना झालेल्या फेऱ्यांची नोंद ठेवणेही त्यांत आले. मग मालकी बदलताना बॅटरीच्या प्रकृतीचा एक अधिकृत दाखला सक्तीचा करणे अवघड का असावे? गाडीतील संगणकात ही माहिती असतेच. कार्यशाळेतले यंत्र ती वाचते. प्रश्न तंत्राचा नाही, ती गिऱ्हाईकाच्या हाती देण्याचा आहे.

तोवर पगारदार माणसाने तीन गोष्टी कराव्यात. गाडी कोणत्या प्रकारची हायब्रिड आहे, हे नोंदणीपत्र आणि उत्पादकाच्या कागदांवरून ताडून पाहावे. बॅटरीची तपासणी अधिकृत कार्यशाळेत स्वखर्चाने करून घ्यावी. उरलेली हमी दुसऱ्या मालकास लागू आहे, हे लेखी घ्यावे. या तिहींस जो विक्रेता टाळाटाळ करील, त्याची गाडी कितीही चकचकीत असो, सोडून द्यावी. तोंड उघडू न देणारा बैल खरसुंडीच्या बाजारात कोणी घेत नाही.