दोन घाटांच्या तोंडावरची राजधानी

कोल्हापूरहून पश्चिमेला पंचावन्न किलोमीटरवर गगनबावडा लागतो. गावाची पेठ म्हणाल, तर एस.टी. स्टँड, आसपासची चहा-भज्यांची दुकाने आणि थोडा बाजार. पुढे रस्त्याला दोन फाटे फुटतात. एक करूळ घाटाने वैभववाडीला उतरतो, दुसरा भुईबावडा घाटाने खारेपाटणच्या बाजूला. बाराही तालुक्यांत सर्वांत कमी वस्तीचा हा तालुका. २०११च्या शिरगणतीत माणसे पस्तीस हजारांच्या आसपास. पाऊस मात्र इथे हातचे राखून पडत नाही.

हे राजधानीचे गाव आहे, असे सांगितले तर भजी खाणारा प्रवासी हसेल. पण करवीर संस्थानच्या छत्राखाली पंत अमात्यांची बावडा जहागीर होती आणि तिचे हे मुख्य ठाणे. १९४९ साली कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि राजधानीचे तालुक्याचे गाव झाले.

वर गगनगड आहे. गगनगिरी महाराजांच्या मठामुळे दत्तजयंतीला तिथे माणूस मावत नाही. गैबी पिराचा दर्गाही त्याच गडावर, आणि त्याचे कुणाला नवल वाटत नाही. धुके विरले की खाली कोकण पसरलेले दिसते. इथे नजर ठेवणाऱ्याला घाटावरचे आणि खालचे, दोन्ही मुलूख कळत असणार.

ती नजर रामचंद्रपंत अमात्यांची. शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांतले हे तरुण अमात्य पुढे पाच कारकिर्दी पाहून गेले. राजाराम महाराज जिंजीला गेले तेव्हा इकडचा कारभार त्यांनी 'हुकूमतपन्हा' म्हणून सांभाळला. १७१५ सालचे 'आज्ञापत्र' त्यांच्याच नावावर आहे.

बँकेत जन्म गेल्यामुळे असेल, पण मला त्यातले साहुकारांवरचे प्रकरण फार आवडते. व्यापारी म्हणजे राज्याची शोभा, अडीनडीला कर्ज तेच देतात, म्हणून त्यांना जपा, हा त्याचा रोख. पत म्हणजे काय हे शिकवायला आम्हाला जाडजूड परिपत्रके लागायची. टोपीकरांना मात्र किनाऱ्यावर ठाणे बांधायला जागा देऊ नका, असे हा गृहस्थ त्याच लेखणीने बजावतो.

पण आज वाचावे ते झाडांविषयी. आरमाराला लाकूड हवे, तरी रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावायचा नाही. ही झाडे वर्ष-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. जीर्ण झालेले झाड घ्यायचेच, तर धन्याला राजी करून, पैसे देऊन, जबरदस्ती नाही.

२०२४ साली करूळ घाट रुंदीकरणासाठी बंद झाला होता. रुंद रस्ता हवाच. धुक्यात समोरून ट्रक आला की तो का हवा हे कळते. पण या डोंगरात इथून पुढे कुणाचे झाड वा जमीन घ्यायची असेल, तर आधी धन्याची राजीखुशी, मग दाम, आणि मगच कुऱ्हाड, हा क्रम याच गावच्या अमात्यांनी घालून दिला आहे. इथे मोजणीला येणाऱ्या साहेबाच्या फाइलीत वरचा कागद तो असावा.

दुसरी प्रत स्टँडवर लावावी, ठळक अक्षरांत. खर्च एका वाढदिवसाच्या फलकाएवढा येईल, आणि पावसात गाडी उशिरा येत असल्याने वाचायला वेळही भरपूर मिळेल.