किल्ली अडते तेव्हा

घरची गाडी, घरची निगा



पाऊस उघडून भाताची कापणी सुरू झाली, की भोर-वेल्ह्याच्या वाड्यावस्त्यांवर एक गाऱ्हाणे हमखास कानी येते : "गाडीची किल्लीच फिरेना!" पावसाळाभर पडवीला उभी असलेली जीप, ट्रॅक्टर किंवा मोटारसायकल बाहेर काढायची असते. भारे खळ्यावर आणायचे असतात, सकाळचे दूध डेअरीवर पोचवायचे असते, आणि बोटभर किल्ली साऱ्या घराचा खोळंबा करते. मग कोणी पकडीने किल्ली पिळतो, कोणी कुलपात गोडेतेल सोडतो, तर कोणी वायरी ओढून एकमेकींना जोडतो. पहिल्या दोन उपायांनी कुलूप जाते. तिसऱ्याने कधी माणूसही जातो. म्हणून आज या लहानशा कुलपाविषयी थोडे सविस्तर बोलू.

कुलपात असते काय?

गाडीच्या किल्लीचे कुलूप म्हणजे एकात एक बसवलेल्या दोन नळ्या. आतल्या नळीत पितळेच्या पातळ पट्ट्या असतात आणि प्रत्येक पट्टीखाली केसासारखी बारीक स्प्रिंग असते. किल्ली नसताना या पट्ट्या बाहेरच्या नळीच्या खाचेत अडकून राहतात. आपली किल्ली आत गेली, की तिच्या दात्यांप्रमाणे प्रत्येक पट्टी नेमकी हवी तेवढी सरकते आणि आतली नळी मोकळी होऊन फिरते. एक पट्टी जरी अडली तरी कुलूप जागचे हलत नाही.

या नळीच्या मागे दुसरा भाग असतो, तो म्हणजे विजेचा स्विच. किल्ली फिरली की तोही फिरतो आणि बॅटरीचा करंट पुढे सोडतो. पूर्वीच्या जीपला किल्लीने नुसता करंट चालू होई आणि सेल मारायला पायाशी वेगळे बटण असे. किल्ली फिरवूनच गाडी सुरू करण्याची सोय अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीने 1949 साली आणली व पुढे ती सर्वत्र रुळली. सोय झाली खरी, पण सारा भार त्या एका लहान कुलपावर आला.

आपल्याकडे या कुलपाचे दोन वैरी आहेत. हिरडस मावळात आणि गुंजण मावळात पावसाळ्यात हवा इतकी ओली असते की घरातल्या पेटीतल्या कपड्यांनाही बुरशी धरते, मग उघड्यावरच्या कुलपाची काय कथा! पाऊस संपला की रस्त्याची लाल धूळ आणि मळणीचा भुसा उडतो. ओल आणि धूळ यांचा कुलपात चिकटा होतो, त्यात पट्ट्या रुततात, आणि वर तेल पडले की त्या चिकट्याचे खळ बनते.

आधी दोष ओळखावा

रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असे होऊ नये. कुलपाला हात लावण्याआधी घरात जपून ठेवलेली दुसरी किल्ली लावून पाहावी. ती सहज फिरली तर कुलूप निर्दोष आहे, रोजच्या वापराची किल्लीच झिजली आहे. अशा वेळी नवी किल्ली त्या न झिजलेल्या किल्लीवरून करून घ्यावी. झिजलेल्या किल्लीची नक्कल केली, तर तिची झीजही नकलेत उतरते. मात्र गाडी अलीकडची असून किल्लीत चिप असेल, तर नुसते दाते कापून गाडी सुरू होणार नाही, हे ध्यानात ठेवावे.

दुसरी गोष्ट स्टिअरिंगची. गाडी चढाला चाके वळवून उभी केली असेल, तर स्टिअरिंगच्या लॉकवर ताण येतो आणि किल्ली फिरत नाही. हा दोष नव्हे. एका हाताने स्टिअरिंग किंवा हँडल हलकेच डावी-उजवीकडे हलवावे आणि दुसऱ्या हाताने किल्ली फिरवावी. ताण सुटला की किल्ली लोण्यासारखी फिरते.

किल्ली नीट फिरते पण डॅशबोर्डवरचा दिवाच लागत नाही, असे असेल तर दोष बहुधा पुढे आहे : बॅटरीच्या टोकाला धरलेला पांढरा-हिरवा क्षार, उडालेला फ्यूज, किंवा मागच्या स्विचची ढिली वायर. तेथे कुलपात काही घालून उपयोग नाही.

साफसफाई अशी करावी

कुलूपच अडत असेल, तर पुढील क्रमाने जावे.

1. प्रथम बॅटरीची वजा बाजूची वायर काढून ठेवावी. विडी-सिगारेट आणि पेटता दिवा दूर ठेवावा.

2. किल्ली कापडाने स्वच्छ पुसावी. कुलपाच्या तोंडातली धूळ सायकलच्या पंपाने किंवा पंक्चरवाल्याकडच्या हवेने उडवावी. हवा मारताना तोंड बाजूला करावे, नाहीतर कुसळ डोळ्यात जाते.

3. इलेक्ट्रिकच्या दुकानात 'कॉन्टॅक्ट क्लीनर' नावाचा फवारा मिळतो. तो मळ सोडवतो आणि स्वतः उडून जातो. बारीक नळीने कुलपात थोडा मारावा, किल्ली दहा-पंधरा वेळा आत-बाहेर करावी, प्रत्येक वेळी तिच्यावर आलेला काळा मळ पुसावा. किल्ली स्वच्छ बाहेर येईपर्यंत हे करत राहावे. मग दोन-चार तास वाळू द्यावे.

4. शेवटी वंगण, पण कोरडे. ग्राफाईटची पूड चिमूटभर पुरते. ती नसेल तर मुलांच्या दप्तरातली मऊ शिसपेन्सिल घ्यावी, कारण तिच्या शिशातही ग्राफाईटच असते. किल्लीच्या दोन्ही बाजूंना आणि दात्यांना ती चांगली घासावी, किल्ली आत-बाहेर करावी, आणि पुन्हा घासावी. पूड फार घालू नये. ग्राफाईटमधून वीज वाहते आणि मागेच स्विच आहे.

गोडेतेल, खोबरेल, ग्रीस किंवा इंजिनचे जुने ऑईल कुलपात कधीही घालू नये. त्या दिवशी किल्ली फिरेल, पण महिन्याभरात धूळ बसून पहिल्यापेक्षा घट्ट होईल.

पकडीने किल्ली पिळणे तर पूर्ण वर्ज्य. किल्ली आत मोडली तर तुकडा दुसऱ्या किल्लीने ढकलू नये. नळी जरा फिरलेली असेल तर ती मूळ जागी आणल्याशिवाय तुकडा बाहेर येत नाही, म्हणून बारीक टोकाच्या पकडीची वाट पाहावी किंवा किल्लीवाल्याला बोलवावे.

हे तीन दोष अंगावर काढू नयेत

काही दोषांत साफसफाई पुरत नाही, आणि तेच दोष आपण वर्षानुवर्षे चालवून घेतो.

पहिला : गाडी सुरू झाल्यावर किल्ली आपोआप मागे येत नाही. अशा वेळी इंजिन चालू असूनही सेल फिरतच राहतो आणि थोड्या वेळात जळतो. किल्ली हाताने मागे आणावी आणि त्याच आठवड्यात स्विच बदलावा.

दुसरा : गाडी चालू असतानाच किल्ली बाहेर निघते, किंवा खड्ड्यात आदळले की जागा सोडते. वरंधा घाटात किंवा पाबे घाटात उतारावर इंजिन बंद पडले, तर ब्रेकला मिळणारी मदत दोन-चार दाबांतच संपते आणि ब्रेक दगडासारखा कडक लागतो. काही गाड्यांत झिजलेली किल्ली थेट लॉकच्या जागी गेली, तर स्टिअरिंगच बांधले जाते. डिझेल वाचवायला उतारावर मुद्दाम किल्ली बंद करणारे आपल्यात कमी नाहीत. त्यांनीही हे वाचून ती सवय सोडावी.

ही भीती काल्पनिक नाही. अमेरिकेत जनरल मोटर्स कंपनीने 2014 साली सुमारे 26 लाख गाड्या याच दोषापायी परत बोलावल्या. त्यांच्या स्विचची आतली पकड कमजोर होती. धक्क्याने किंवा जुडग्याच्या वजनाने किल्ली मागे सरके, इंजिन बंद पडे आणि अपघातात जीव वाचवणाऱ्या हवेच्या पिशव्याही फुगत नसत. भरपाई निधीने अशा 124 मृत्यूंचे दावे मान्य केले. तेव्हा घराची, गोठ्याची, मोटारपंपाच्या पेटीची आणि कपाटाची किल्ली गाडीच्या किल्लीला अडकवू नका. नाकापेक्षा मोती जड होतो आणि कुलूप दर धक्क्याला झिजते.

तिसरा आणि सर्वांत घातक : कुलूप बिघडले म्हणून ट्रॅक्टरच्या सेलवर स्क्रू-ड्रायव्हर टेकवून तो सुरू करणे. किल्लीने सुरू करताना माणूस सीटवर असतो, क्लच आणि गिअर त्याच्या हाताखाली असतो. स्क्रू-ड्रायव्हरने सुरू करणारा खाली, मागच्या मोठ्या चाकासमोर उभा असतो. पुष्कळ ट्रॅक्टरांना क्लच दाबल्याशिवाय किंवा गिअर काढल्याशिवाय सेल न फिरण्याची सोय असते, पण सेलवरच ठिणगी दिली की ती सोय बाजूला पडते. गिअर राहिलेला असेल, तर ट्रॅक्टर सुरू होता क्षणी पुढे झेपावतो आणि बाजूला होण्याइतका वेळही मिळत नाही. असे कितीतरी कर्ते पुरुष घरच्या अंगणात गेले आहेत.

वायरी जोडून चालवलेल्या किंवा खिळ्यानेही सुरू होणाऱ्या गाडीचा आणखी एक धोका घरातल्या माउलींनी ओळखावा. अशी गाडी पोरालाही सुरू करता येते. कुलूप हे चोरासाठी जेवढे, तेवढेच ते आपल्या लेकरांसाठी आहे.

खर्चाचे गणित

जुन्या ट्रॅक्टरचा किल्लीचा स्विच हा फार महाग भाग नाही. मोटारसायकलचे कुलूप पेट्रोलच्या टाकीच्या झाकणासह संच म्हणूनही मिळते. भोर, नसरापूर किंवा पुण्याला जाताना जुना स्विच आणि गाडीचे मॉडेल सोबत न्यावे, म्हणजे वायरींच्या टोकांची जुळणी चुकत नाही. सेलचे वेगळे बटण बसवायचेच असेल, तर ते ऑटो इलेक्ट्रिशियनकडून सीटजवळ, किल्लीच्या पुढच्या करंटवर आणि क्लचची सोय कायम ठेवून बसवून घ्यावे.

दुसरी किल्ली मात्र जपावी. गाडी चोरीला गेल्यास विमा कंपनी साधारणपणे दोन्ही मूळ किल्ल्या मागते. किल्लीसोबत नंबराची पट्टी मिळाली असेल, तर तो नंबर गाडीच्या कागदांबरोबर लिहून ठेवावा.

वर्षातून दोनदा, रोहिणीच्या आधी आणि दिवाळीला अवजारे पुसताना, पाच मिनिटे या कुलपाला द्या. शिसपेन्सिलीच्या दोन रेघांनी जे काम होते, त्यासाठी काट्याचा नायटा होऊ देऊ नका. आणि आज संध्याकाळी गोठ्याकडे जाताना ट्रॅक्टरच्या सीटखाली स्क्रू-ड्रायव्हर ठेवलेला दिसला, तर तो उचलून हत्यारांच्या पेटीत टाका.

पुढच्या अंकी बॅटरीची निगा पाहू.